कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव : दर्शनासोबत भूगोलाचा धडा



कोल्हापूरला 'दक्षिण काशी' म्हणतात. सहल इथे आली की मुलं अंबाबाईचं दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि रंकाळ्यावर जातात. पण या मंदिरातच परिसर अभ्यासाचा एक सुंदर पाठ दडलेला आहे, तो म्हणजे किरणोत्सव.

आपल्याकडे बहुतेक देवळं पूर्वाभिमुख असतात. अंबाबाईची मूर्ती मात्र पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक आणि पितळी उंबरा ओलांडून ती गाभाऱ्यात पोहोचतात. हा सोहळा वर्षातून दोनदा होतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असे त्याचे ठरलेले दिवस आहेत.

दोनदाच का? सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. नेमक्या पश्चिमेला तो फक्त मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या सुमारास मावळतो. पुढे हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो, २२ डिसेंबरच्या सुमारास थांबतो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस त्या वळणापासून साधारण सहा आठवडे दूर आहेत. म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा, सूर्य महाद्वाराच्या रेषेत येतो.

किरणं आधी चरणांवर का पडतात? सूर्य जसा खाली उतरतो तसे किरण आडवे होत जातात. त्यामुळे उजेड आधी पायांवर, मग वर-वर चढतो. वर्गात टॉर्च आणि खोका घेऊन हे सहज दाखवता येतं.

काही वर्षी ढग, धूर किंवा वाटेत आलेल्या उंच इमारती यांमुळे किरणं मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत. मुलांना हे जरूर सांगा. वारसा म्हणजे नुसतं दगडी देऊळ नाही, त्याच्यासमोरचं मोकळं आकाशसुद्धा वारसाच आहे. आकाश झाकलं गेलं, तर देऊळ उभं असूनही किरणोत्सव हरवेल.

उपक्रम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी पालकांसोबत घराच्या गच्चीवर एकाच जागी उभं राहून सूर्य कोणत्या झाडामागे किंवा टाकीमागे मावळतो, त्याचं चित्र मुलांना वहीत काढू द्या. कधी तो परत फिरला, हे मुलं स्वतःच सांगतील.