परवाना राज्याचा, पाटी वेगवेगळी

कोण देते? अमेरिकेत समुपदेशकाचा परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे मंडळ देते. पहिला कायदा व्हर्जिनियाने १९७६ मध्ये केला. सर्वांत शेवटी कॅलिफोर्निया, २००९ मध्ये.

काय लागते? पदव्युत्तर पदवी, लेखी परीक्षा आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली केलेले काम. खरी दमछाक या शेवटच्या अटीत. कॅलिफोर्नियात असे ३,००० तास भरावे लागतात आणि ते किमान दोन वर्षांत विभागलेले असावे लागतात. काही राज्यांचे आकडे निराळे.

पाटीवर काय? टेक्सासमध्ये ‘एलपीसी’, न्यूयॉर्कमध्ये ‘एलएमएचसी’, कॅलिफोर्नियात ‘एलपीसीसी’. काम बरेचसे तेच.

गल्लत कुठे होते? मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर. औषधे लिहून देतात. समुपदेशक बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही.

राज्य बदलले तर? ऑनलाइन सत्रात सर्वसाधारणपणे अशील त्या वेळी जिथे बसला आहे, तिथला नियम लागू होतो. पुण्याहून न्यू जर्सीतल्या मराठी माणसाशी सत्र घेतले, तरी प्रश्न न्यू जर्सीच्या परवान्याचाच. राज्याराज्यांतली ही अडचण कमी करण्यासाठी समुपदेशकांचा आंतरराज्य करार झाला. तो अमलात येण्यासाठी लागणारी दहा राज्ये २०२२ मध्ये पूर्ण झाली.

विमा : १ जानेवारी २०२४ पासून पात्र समुपदेशकांना ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याकडून थेट शुल्क मिळू लागले. ज्येष्ठांसाठी हा मोठाच बदल.

तक्रार : राज्य मंडळाकडे. चौकशीनंतर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. परवाना चालू आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते.