‘नो सिग्नल’? नवा मॉनिटर घेण्याआधी प्लग काढा

परवा अंबाजोगाईत लाईट गेली, आली आणि माझा मॉनिटर लॅपटॉपला ओळखेचना. अर्ध्या तासात क्लायंटची मीटिंग, आणि मी नव्या मॉनिटरचे भाव बघत बसलेलो!

नेमकं अडतं कुठं? एचडीएमआयला १९ पिना असतात. लॅपटॉप १८व्या पिनेतून ५ व्होल्ट पाठवतो, मॉनिटर १९व्या पिनेवरून ‘मी आहे’ म्हणून कळवतो. मग लॅपटॉप त्याची माहिती वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मॉनिटरमधली चिप अडकली की हे बोलणंच थांबतं. बटणानं बंद-चालू करून उपयोग होईलच असं नाही, कारण मॉनिटर फक्त झोपतो.

म्हणून प्लग बोर्डातून काढा, केबल दोन्हीकडून काढा. बटण पंधरा सेकंद दाबून धरा, उरलेला करंट निघून जाऊ द्या. पाच मिनिटांनी सगळं जोडा. मेनूत इनपुट एचडीएमआयच आहे ना, बघा. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा.

तरी नाही? केबल बदला, मग दुसरा लॅपटॉप लावा. त्यावर चाललं, तर मॉनिटर ठणठणीत आहे.

माझं काम प्लग काढल्यावरच झालं, मीटिंगही वेळेत झाली. आता लाईट गेली की मी आधी प्लग काढतो. तुम्हीही काढत जा!