म्हशीचा पान्हा, बेडकाचे पाय आणि राजगडाची चढण

जुलैत वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी चालू असते, तेव्हा त्याच चिखलात आणखी एक उलाढाल चाललेली असते. पायाशी वळवळणारे बेडूकमासे चक्क मेंदूची नवी जोडणी करून घेत असतात! ठेकेदार एकच, थायरॉइड हार्मोन. ते रक्तात वाढलं की शेपटी हलवणाऱ्या चेतापेशी मरतात, पाय हलवणाऱ्या कामाला लागतात, डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटही थोडी बदलते. १९१२ मध्ये गुडरनॅच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना जनावरांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. त्यांना धड वाढायचीही उसंत मिळाली नाही. वेळेआधीच इवलेइवले बेडूक तयार.

हसू नका, आपला मेंदूही याच हार्मोनच्या भरवशावर घडतो. पहिले जवळजवळ तीन महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते, सगळी उसनवारी आईकडून. हार्मोन बनायला आयोडीन हवं, आणि डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन पाऊस धुऊन नेतो. गरज तरी किती? उभ्या आयुष्यात चमचाभर! पण ते रोज कणाकणाने लागतं. १९६२ पासून सरकार आयोडीनयुक्त मिठाच्या मागे लागलंय ते त्यासाठीच. घरात कुणाला दिवस गेले असतील, तर साधं खडेमीठ लोणच्यापुरतंच ठेवा.

आता गोठ्यात चला. रेडकू सडाला लागलं की ती खबर मज्जारज्जूतून म्हशीच्या मेंदूत जाते. तिथल्या चेतापेशींनी बनवलेलं ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेत पोचतं आणि पान्हा फुटतो. गाईपेक्षा म्हशीला वेळ जास्त लागतो. पुढ्यात आंबोण, शेजारी रेडकू, धारेला रोजचाच माणूस, असं सगळं जागच्या जागी असलं की बाईसाहेब खूश. परका माणूस बसला, कुत्रं अंगावर भुंकलं, की मेंदू ऑक्सिटोसिन रोखून धरतो, त्यात ॲड्रेनलिनची भर, आणि म्हैस पान्हा चोरते. बाजारातून आणलेली म्हैस पहिले काही दिवस दूध कमी देते, त्यात दर वेळी विकणाऱ्याचीच लबाडी असते असं नाही.

ॲड्रेनलिनची मजा राजगडावर. चोर दरवाजाच्या चढणीवर पाय सटकला की तेच छाती धडधडवतं, पण मेंदूत त्याला सहजी प्रवेश नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो. निरोप वर पोचतो तो व्हेगस नावाच्या चेतेमार्फत. मग मेंदू स्वतःचं नॉरॲड्रेनलिन सोडतो आणि तो क्षण पक्का कोरला जातो. बुरुजांची नावं विसराल, ती पायरी नाही.

राहता राहिली भूक. रिकाम्या पोटातून निघालेलं घ्रेलिन मेंदूतल्या भुकेच्या चेतापेशींना चेतवतं. २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत गंमत दिसली: अन्न नुसतं दिसताच, घास तोंडात जायच्या आत, या पेशी शांत होतात. अन्न काढून घेतलं की पुन्हा बोंबाबोंब! माणसाचंही तसंच असेल, तर गड उतरून गुंजवण्यात जेवायला बसल्यावर पिठलं-भाकरीचं ताट पुढ्यात ठेवून फोटोसाठी परत मागणाऱ्या मित्राला माफी नाही.