विमानतळाच्या दारापासून हरिहरेश्वरापर्यंत

परक्या देशात प्रथमच उतरलेल्या माणसाची खरी परीक्षा विमानात होत नाही. ती विमानतळाच्या दाराबाहेर सुरू होते. भाषा अनोळखी, नाणे अनोळखी आणि शहर कोणत्या दिशेला आहे याचाही पत्ता नाही, अशा अवस्थेत तो उभा असतो. त्या क्षणी त्याला ठळक अक्षरांतील पाटी दिसली, भाड्याचा निश्चित आकडा कळला आणि वेळेवर सुटणारी गाडी मिळाली, तर त्या देशाविषयी त्याच्या मनात विश्वास निर्माण होतो. लंडनची भुयारी रेल्वे १९७७ साली हीथ्रो विमानतळाच्या अंतर्भागापर्यंत नेण्यात आली. दुबईत २००९ साली मेट्रो सुरू झाली आणि तीही विमानतळाला जोडलेली आहे. स्वतःचे वाहन नसलेला माणूसही विमानाने प्रवास करतो, हे त्या नगरांच्या नियोजनकर्त्यांनी गृहीत धरले होते.

मुंबईला हे गृहीत धरण्यास बराच काळ लागला. सहार येथील आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ साली सुरू झाले. त्या परिसरात भुयारी मेट्रो पोहोचली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. मधल्या त्रेचाळीस वर्षांत किती प्रवाशांनी सामानाच्या बोजासह अंधेरीचे स्थानक गाठण्यासाठी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांतील कर्ते पुरुष गेली अनेक दशके आखाती देशांत नोकरी करीत आहेत. हा माणूस परक्या शहरात उतरतो तेव्हा पाट्या वाचीत मुक्कामी पोहोचतो. दोन वर्षांनी महिनाभराची रजा घेऊन तो मायदेशी परततो, तेव्हा मात्र त्याच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. येथील भाषा त्याची, रस्ता त्याचा, माणसे त्याची; आणि तरीही घरी कसे जावयाचे, हे त्याला ठाऊक नसते.

हरिहरेश्वर मुंबईपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे पेशव्यांच्या या कुलदैवताचे स्थान आहे. तेथे जावयाचे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाने पेण, नागोठणे, कोलाड, इंदापूर करीत माणगाव गाठावयाचे आणि तेथून पश्चिमेकडे वळून म्हसळामार्गे समुद्राकडे उतरावयाचे. या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेण्यात आले. त्याची रखडकथा कोकणातील शाळकरी मुलासही तोंडपाठ आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. माणगावला तिचे स्थानक आहे. पण वेगवान गाड्यांपैकी बहुतेक तेथे न थांबता पुढे जातात, आणि स्थानकावर उतरल्यावरही सुमारे साठ किलोमीटरांचा घाटवळणांचा रस्ता शिल्लक राहतोच. किनाऱ्याकिनाऱ्याने यावे, तर आगरदांड्याला जंगलजेट्टी गाठून राजपुरीची खाडी ओलांडावी लागते. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासून रेवस-रेड्डी सागरी मार्गाची चर्चा या भागाने ऐकली. त्यानंतर पिढी बदलली, तरी खाडीकाठचा प्रवासी होडीचीच वाट पाहतो.

परिणामी घरची माणसे भाड्याची गाडी करून आदल्या रात्रीच विमानतळाकडे निघतात. विमानाला उशीर झाला, तर गाडीचे भाडे वाढते. वृद्ध आई-वडील फलाटासारख्या त्या गर्दीत ताटकळतात. परदेशात घाम गाळून साठविलेल्या पैशातील पहिला खर्च घराचा उंबरठा गाठण्यावरच होतो.

आता परिस्थिती बदलण्याची संधी आली आहे. पनवेल तालुक्यात उलवे येथे उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात आहे. त्यासाठी याच जिल्ह्यातील गावांनी आपली घरे आणि शेते सोडली. विमानतळ मुंबईशी कसा जोडावा, याचा ऊहापोह भरपूर झाला. २०२४ साली खुला झालेला, जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू मुंबईकराला इकडे आणतो. मात्र त्याच विमानतळातून बाहेर पडून दक्षिणेकडे, म्हणजे पेण-माणगावकडे, वळणाऱ्या माणसाचा विचार तितक्याच आस्थेने व्हावयास हवा.

विमानाने प्रवास करणाऱ्यास एस.टी. कशाला हवी, असा आक्षेप येईल. तो अज्ञानमूलक आहे. आखातातील गवंडी, वाहनचालक आणि स्वयंपाकी यांचा विमानप्रवास चैनीचा नसतो. तो पोटासाठी असतो. रिकाम्या गाड्या धावल्या तर महामंडळाला तोटा होईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, प्रारंभी फार गाड्यांची गरजच नाही. दिवसातून मोजक्याच, परंतु विमानांच्या वेळा पाहून सोडलेल्या आणि माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असा निश्चित मार्ग असलेल्या गाड्या पुरेशा आहेत. प्रवासी प्रथम गाडीवर विश्वास ठेवतो आणि मगच गाडी भरते. हा क्रम उलटा करता येत नाही. विमानतळाच्या आत महामंडळाची तिकीट खिडकी, मराठीतील स्पष्ट वेळापत्रक आणि पनवेलहून माणगावला थांबणाऱ्या रेल्वेगाड्यांची माहिती एवढ्या गोष्टींना अफाट भांडवल लागत नाही. लागते ती आस्था.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटीच्या वेळीच करता येते. कातळातील पायऱ्या उतरून खाली गेलेल्या यात्रेकरूला भरतीपूर्वी परतावे लागते; म्हणून तो गावात आल्याबरोबर ओहोटीची वेळ विचारतो आणि ग्रामस्थ ती बिनचूक सांगतात. समुद्राचे वेळापत्रक चुकत नाही, असा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. विमानतळावरून गावाकडे निघणाऱ्या गाडीविषयी त्यांना असाच भरवसा वाटू लागेल, त्या दिवशी हा विमानतळ खऱ्या अर्थाने रायगडचा झाला, असे म्हणता येईल.