क्षेत्रीय नोंदयंत्रांतील यूएसबी ऊर्जाव्यवस्थापन : ड्रायव्हरमधील दोषांचा शोध

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो लोक त्यात मृत्युमुखी पडले. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन पार पडले होते. हा प्रदेश त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत असे. साहजिकच मुख्य धक्क्याच्या वेळी केंद्राजवळची जमीन किती त्वरणाने हलली, हे मोजणारे यंत्र त्या परिसरात नव्हते आणि ती नोंद कायमची हुकली. पुढे २००६-०७ मध्ये नांदेड शहरात लहान धक्क्यांची मालिका अनुभवास आली. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेला ४.५ तीव्रतेचा भूकंपही नांदेडकरांना जाणवला. या पार्श्वभूमीवर स्वस्त संवेदक, लहान एम्बेडेड बोर्ड, यूएसबी मोडेम आणि यूएसबी संचयक यांच्या साहाय्याने भूकंपन किंवा पर्जन्यमान नोंदवणारे यंत्र तयार करणे हा अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज सुचणारा प्रकल्प होय.

असे यंत्र प्रयोगशाळेतील टेबलावर उत्तम चालते. शिवारातील खोलीत बॅटरीवर आणि सौरपट्टीवर ठेवले की मात्र दोन-तीन दिवसांत मोडेम नाहीसा होतो, संचयकावर लेखन होत नाही, क्वचित संपूर्ण यंत्र जागे होण्यास नकार देते. या दोषांचे मूळ पुष्कळदा यूएसबीच्या ऊर्जाव्यवस्थापनात, म्हणजे उपकरणाला झोपवण्याच्या आणि जागे करण्याच्या व्यवस्थेत असते. त्यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय एका ओळीचा आहे : झोपच बंद करावी. हा उपाय निदान म्हणून उपयुक्त आणि उपचार म्हणून महाग कसा पडतो, तसेच खरा दोष कसा शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

झोपेची किंमत आणि जागेपणाची किंमत

प्रथम हिशेब पाहणे इष्ट ठरेल. समजा, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. तिच्यात ८४ वॅट-तास ऊर्जा साठते. बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मी, म्हणजे ४२ वॅट-तास वापरता येते. बोर्ड आणि संवेदक मिळून अर्धा वॅट घेतात असे मानल्यास दिवसाला १२ वॅट-तास खर्च होतात. मोडेम आणि संचयक सतत जागे राहून ५ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर घेत असतील, तर आणखी ३६ वॅट-तास लागतात. एकूण ४८. म्हणजे सूर्यदर्शन न झाल्यास यंत्र जेमतेम २१ तास चालेल. हीच दोन उपकरणे दिवसातून अर्धा तास जागी आणि उरलेला वेळ झोपलेली राहिली, तर त्यांचा खर्च दीड वॅट-तासाच्या आत येतो आणि यंत्र तीन दिवसांहून अधिक तग धरते. परिवर्तकातील घट येथे धरलेली नाही. ती धरली तरी प्रमाण फारसे बदलत नाही. परतीच्या पावसाच्या दिवसांत मराठवाड्यात सलग दोन दिवस आभाळ भरून राहणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे, आणि किल्लारीचा भूकंप सप्टेंबरच्या अखेरीस झाला होता हे विसरता येत नाही.

यूएसबीच्या मानकात झोपेचे नियम स्पष्ट आहेत. होस्ट ठरावीक अंतराने बसवर संकेत पाठवत असतो. हे संकेत थांबून बस ३ मिलिसेकंद शांत राहिली की उपकरणाने निलंबित अवस्थेत जावे, अशी अपेक्षा असते. यूएसबी २.० नुसार जागे व कार्यसज्ज उपकरण ५०० मिलिअँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह घेऊ शकते. निलंबित अवस्थेत ही मर्यादा २.५ मिलिअँपिअर आहे. जागे करताना होस्टने किमान २० मिलिसेकंद पुनरारंभाचा संकेत द्यावा लागतो आणि त्यानंतर सावरण्यासाठी उपकरणाला १० मिलिसेकंद मिळतात. काही उपकरणे स्वतःहूनही होस्टला हाक मारू शकतात. या दूरजागृतीची परवानगी होस्टने उपकरण झोपवण्यापूर्वीच द्यायची असते.

लिनक्स कर्नलमध्ये वापरात नसलेले उपकरण आपोआप झोपवण्याची सोय २००७ च्या सुमारास आली. तिचा गाभा एका मोजणीत आहे. ड्रायव्हर काम सुरू करताना मोजणी एकाने वाढवतो आणि काम संपल्यावर एकाने कमी करतो. मोजणी शून्यावर आली आणि ठरावीक अवकाश, सामान्यतः २ सेकंद, उलटला की उपकरण झोपते. हब सोडले तर बहुतेक उपकरणांसाठी ही सोय मुळात बंद असते. वापरकर्ता किंवा वितरणातील ऊर्जाबचतीची साधने ती सुरू करतात. म्हणूनच तोच ड्रायव्हर एका बोर्डवर निर्दोष भासतो आणि दुसऱ्यावर अडखळतो.

दोष कोठे दडतात

सर्वांत साधा दोष मोजणीतील असंतुलनाचा. त्रुटी उद्भवल्यावर फंक्शनमधून मध्येच बाहेर पडणाऱ्या वाटेवर मोजणी कमी करणे राहून गेले, तर उपकरण पुन्हा कधीच झोपत नाही. कार्यात दोष दिसत नाही. केवळ बॅटरी लवकर संपते आणि ठपका सौरपट्टीवर येतो. उलट, मोजणी दोनदा कमी झाली तर उपकरण ऐन कामात झोपते. झोपलेल्या उपकरणाकडे पाठवलेली विनंती कर्नल परत करतो आणि त्रुटी क्रमांक उणे ११३ मिळतो. हा क्रमांक दिसला की केबल तपासत बसण्याआधी ड्रायव्हरचा मजकूर वाचावा.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. संपूर्ण बोर्ड झोपतो तेव्हा अनेक एम्बेडेड रचनांमध्ये यूएसबी पोर्टचा ५ व्होल्टचा पुरवठाही तोडला जातो. अशा वेळी उपकरण झोपलेले नसते, बंद झालेले असते. त्याला दिलेला पत्ता, त्याच्यात भरलेली मांडणी, मोडेमची नोंदणी, हे सर्व पुसले जाते. ड्रायव्हर मात्र ‘मी झोपवले होते, आता उठवतो’ या समजुतीने वागतो. यासाठी कर्नलने ड्रायव्हरला दोन वेगळी प्रवेशद्वारे दिली आहेत : अवस्था टिकली असेल तर साधा पुनरारंभ, आणि अवस्था गेली असेल तर रीसेटनंतरचा पुनरारंभ. दुसरे प्रवेशद्वार लिहिलेलेच नसेल तर कर्नल ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडतो. वापरकर्त्याच्या दृष्टीने तेवढ्यात उघडी फाइल निकामी झालेली असते. नवशिक्यांच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही प्रवेशद्वारांना एकच फंक्शन जोडलेले आढळते आणि त्या फंक्शनमध्ये मांडणी पुन्हा भरण्याची एकही ओळ नसते. दिसायला व्यवस्था पूर्ण असते, प्रत्यक्षात ती पोकळ असते.

संचयकाच्या बाबतीत यातून आणखी एक धोका संभवतो. पुरवठा तुटून परत आल्यावर तेच उपकरण आहे का, हे कर्नल त्याच्या वर्णनपत्रावरून आणि अनुक्रमांकावरून ठरवतो. आतील मजकूर तो तपासत नाही. बोर्ड झोपलेला असताना कार्ड-वाचकातील कार्ड कोणी बदलले, तर जुन्या कार्डाची रचना गृहीत धरून नव्यावर लेखन होऊ शकते आणि दोन्हींची माहिती धोक्यात येते.

दूरजागृतीतील दोषांबद्दल थोडक्यात एवढेच की, उपकरणाच्या वर्णनपत्रात क्षमता लिहिलेली असणे आणि ती प्रत्यक्ष असणे यांत अंतर असते. शिवाय हाक होस्टपर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या हबनेही ती पुढे न्यावी लागते आणि बोर्डवरील संबंधित इंटरप्ट जागा असावा लागतो.

काही दोष ड्रायव्हरचे नसतातच. दोन उपकरणे एकाच क्षणी जागी झाली की त्यांतील धारित्र भरण्यासाठी क्षणिक मोठा प्रवाह वाहतो. केबल लांब व बारीक असेल, पहाटे बॅटरी उतरलेली असेल, तर ५ व्होल्टची रेषा क्षणभर खचते. उपकरण अर्धवट जागे होते आणि कर्नलच्या नोंदीत उणे ७१ किंवा उणे ११० हे क्रमांक उमटतात. पहिला संकेतविषयक गोंधळ दर्शवतो, दुसरा वेळेत उत्तर न आल्याचे सांगतो. दोन्हींचा अर्थ ‘ड्रायव्हर बिघडला’ असा लावून आठवडे वाया जातात.

तपासाची पद्धत

प्रारंभ झोप बंद करण्यापासूनच करावा. उपकरणाच्या ‘कंट्रोल’ नावाच्या फाइलमध्ये ‘ऑन’ लिहिले की ते उपकरण आपोआप झोपत नाही. दोष नाहीसा झाला तर संशय योग्य दिशेला आहे, इतकेच सिद्ध होते. अनेक प्रकल्प अहवाल येथेच थांबतात, आणि वर केलेला २१ तासांचा हिशेब त्या अहवालांत नसतो. दोष तरीही राहिला तर ऊर्जाव्यवस्थापन सोडून अन्यत्र पाहावे.

यानंतर ‘ऑटो’ लिहून निरीक्षण सुरू करावे. उपकरण किती मिलिसेकंद जोडलेले होते आणि त्यांपैकी किती वेळ जागे होते, हे कर्नल दोन स्वतंत्र फाइलींमध्ये देतो. हे दोन आकडे समान गतीने वाढत असतील तर उपकरण झोपतच नाही, म्हणजे मोजणीत गळती आहे किंवा एखादा कार्यक्रम उपकरण सतत उघडे ठेवत आहे. बसवरील प्रत्येक विनंती व उत्तर पाहण्यासाठी यूएसबीमॉन ही कर्नलचीच सुविधा आहे. मात्र या नोंदी संशयित यूएसबी संचयकावरच साठवणे म्हणजे आरोपीलाच पंचनामा लिहायला बसवण्यासारखे होय. त्यासाठी सिरीअल कन्सोल वापरावा आणि बोर्ड झोपत असतानाही तो कन्सोल चालू राहील, अशी सूचना कर्नलला आरंभीच द्यावी.

संपूर्ण बोर्डच्या झोपेचा दोष असल्यास ती प्रक्रिया टप्प्याटप्प्याने तपासता येते. केवळ कार्यक्रम गोठवून परत येणे, त्यापुढे उपकरणे झोपवून परत येणे, असे थांबे कर्नलमध्ये उपलब्ध आहेत. उपकरणांच्या थांब्यावर सर्व सुरळीत असून खऱ्या झोपेत दोष येत असेल, तर पोर्टचा पुरवठा तुटत असण्याची शक्यता बळावते.

विद्युतप्रवाह मोजताना एक सापळा टाळावा लागतो. साधा मल्टिमीटर मिलिसेकंदांतील घसरण दाखवू शकत नाही, म्हणून पुरवठ्याच्या रेषेत लहान रोध घालून त्यावरील विभवांतर ऑसिलोस्कोपवर पाहतात. रोध १ ओहमचा घेतला तर ५०० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट त्यातच खर्च होतो. शोधायचा दोष मोजमापानेच निर्माण होतो. ०.१ ओहम घेतल्यास जागृतीचा झटका स्पष्ट दिसतो, परंतु झोपेतील २.५ मिलिअँपिअरला केवळ पाव मिलिव्होल्ट मिळतो. म्हणून झोपेचा प्रवाह आणि जागृतीचा झटका यांची मोजमापे वेगवेगळ्या रोधांनी, दोन स्वतंत्र प्रयोगांत घ्यावीत.

दोष दुरुस्त झाला असे केव्हा म्हणावे? दोनशे जागृतींत सरासरी एकदा येणारा दोष दहा-वीस वेळा प्रयोग करून ‘गेला’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. दुरुस्ती निष्फळ असूनही सलग ६०० जागृती निर्दोष पार पडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. तेवढी आवर्तने दर अर्ध्या मिनिटास एक या वेगाने पाच तासांत होतात, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका रात्रीत आटोपतात. त्यांपैकी काही उतरलेल्या बॅटरीवर आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील केबलने घेणे अगत्याचे आहे.

भूकंपन नोंदवणाऱ्या यंत्रात कोणाला झोपू द्यायचे, हा निर्णय मात्र कर्नलवर सोपवता येत नाही. संवेदक आणि त्याची स्मृती सतत जागी हवी, कारण धक्का पूर्वसूचना देत नाही आणि त्याच्या आधीचे काही सेकंदही अभ्यासकाला हवे असतात. संचयक जागा होण्यास ३० मिलिसेकंद लागोत की रीसेटमुळे काही सेकंद लागोत, लेखन पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत नोंद स्मृतीत राहिली पाहिजे. मोडेम सर्वांत शेवटी, संचयकाचे लेखन संपल्यावर उठवावा. त्यामुळे दोन झटके एकाच वेळी येण्याचा प्रसंगही टळतो.

इतके करूनही उपकरणाचे फर्मवेअरच सदोष निघाले, तर कर्नलमध्ये अशा उपकरणांची अपवादसूची आहे. उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक देऊन ‘जागे करताना रीसेट करावे’ अशी सूचना तीत नोंदवता येते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत कर्नल पुन्हा संकलित न करता ती आरंभसूचनेद्वारे तपासून पाहता येते. हा अपवाद त्या एका उपकरणापुरता राहतो. बोर्डवरील बाकीची उपकरणे पूर्ववत झोपतात. प्रकल्प अहवालात हे दोन क्रमांक, कर्नलची आवृत्ती, केबलची लांबी आणि प्रयोगाच्या वेळचे बॅटरीचे विभवांतर नोंदवलेले असल्यास पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना तोच दोष पहिल्यापासून शोधावा लागत नाही.