पोटापाण्याची इंग्रजी

निपाणी, खानापूर, बेळगावच्या खेड्यांतून पदवीला जाणाऱ्या मुलांना इंग्रजीविषयी विचारले, तर ‘आवडते’ असे सहसा कोणी म्हणत नाही, ‘लागते’ म्हणतात. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि मुलाखतीला इंग्रजी, असा तिहेरी बोजा या मुलांच्या डोक्यावर आहे. राज्य सरकारच्या नोकरीला कानडीची परीक्षा आडवी येते, म्हणून त्यांचा डोळा खासगी कंपनीवर. तिथे इंग्रजी आली की कानडी-मराठीचा वाद आपसूक मिटतो, असा त्यांचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नाही.

बेळगावात १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. त्याआधी पदवीसाठी धारवाडच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे. शिक्षण दारात आले, पण इंग्रजी गाइडातच राहिली. नोकरीचा अर्ज मुले पाठ करतात, गाइडातल्या नावगावासकट! उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतीव नगात पोकळी का राहिली, हे मात्र दोन ओळींत लिहून देता येत नाही.

वाणिज्य शाखेत तर आणखी गंमत. किराणा दुकानदाराचा मुलगा लहानपणापासून वहीत ‘नावे’ आणि ‘जमा’ पाहत आलेला असतो. वर्गात ‘डेबिट’, ‘क्रेडिट’ ऐकून तो गांगरतो. नावे म्हणजेच डेबिट आणि जमा म्हणजेच क्रेडिट, हे त्याला कोणी सांगत नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द आजोबांना तोंडपाठ होते. नातू तेच ज्ञान परके समजून घोकत बसतो.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी, कानडीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. मुलांना त्याचा भरवसा वाटत नाही; नेमणुकीचे पत्र इंग्रजीत येते ना! हीच धास्ती घेऊन आईबाप पाच वर्षांच्या पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात आणि गावच्या मराठी शाळेचा पट आटतो. आम्हाला हे पटत नाही. कामापुरती इंग्रजी पदवीच्या तीन वर्षांत येऊ शकते, मात्र ती मराठीतून उलगडून सांगायला हवी.

गावोगावी निवृत्त मास्तर आहेत, वाचनालयाची खोलीही कुठे कुठे आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी बसावे. एखादे कोटेशन, यंत्राचे माहितीपत्रक, बँकेचे पत्र, एवढे पुरे. गाइड घरी ठेवून यावे.