खोटी साक्ष न देणारे उपकरण

मुलगा विज्ञानाचा पदवीधर झाला, की शिक्षकी किंवा बँकेची नोकरी एवढेच आम्हां पालकांस सुचते. प्रयोगशाळेची उपकरणे विकण्याचा व्यवसायही आम्हांस विचारात घेण्याजोगा वाटतो.

बेळगावात १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आज बेळगावापासून संकेश्वर, निपाणीपर्यंत रुग्णालये, तपासणी-केंद्रे व महाविद्यालये आहेत. त्यांना सूक्ष्मदर्शक, तराजू, काचसामान, रसायने पुरविणाऱ्यास मराठी व कन्नड दोन्ही भाषा उपयोगी पडतात. माल पोचविला म्हणजे काम संपले असे नव्हे. यंत्र बसविणे, वापर शिकविणे व अचूकता ताडून पाहणे हेही त्याच्याकडेच येते.

सचोटीची कसोटी येथेच लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधलेला क्षयाचा जंतू थुंकीत पाहण्यास साधारण हजारपट मोठे दाखविणारा सूक्ष्मदर्शक लागतो. त्याचे भिंग सदोष असेल, तर जंतू असूनही ‘नाही’ असा अहवाल येईल, आणि रोगी उपचारावाचून घरातील लेकरांत वावरत राहील. रक्तगट तपासण्याचे द्रव्य २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वाटेत ते तापले आणि विक्रेता गप्प राहिला, तर त्याची किंमत रोग्याने मोजावयाची काय?

आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. बिघडलेले उपकरण खोटी साक्षच देते. मात्र त्याचा दोष ठाऊक असून मौन पाळणारा माणूस त्या साक्षीचा वाटेकरी होतो. विक्री बुडाली तरी चालेल, पण ‘ही बाटली तापली आहे, मी ती देणार नाही’ असे म्हणणारा तरुण आपल्या घरात घडावा, हीच आपली प्रार्थना असो.